रक्तदाबाची गोळी आणि चढती साखर : दोष गोळीचा की रक्तदाबाचा?

तळजाईचा फिरस्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझे वय ५६ असून मी सहकारनगरात राहतो. गेली सात वर्षे रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल ५० मिलिग्राम आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्राम अशी एकत्रित गोळी रोज सकाळी घेत आलो आहे. दाब साधारण १३४/८४ च्या आसपास राहत असल्यामुळे त्या गोळीकडे संशयाने पाहण्याचे कारण कधी पडले नाही. मात्र एचबीएवन्सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, पाच वर्षांपूर्वी ५.६ होता, तो दोन वर्षांपूर्वी ५.९ झाला आणि या जूनमध्ये ६.३ आला. उपाशीपोटीची साखर ११७ आहे. याच काळात वजनही चार किलोंनी वाढले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

तळजाईच्या टेकडीवर रोज सकाळी भेटणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांना मी हे आकडे सांगितले. त्यांनी क्षणभरही न थांबता निदान केले, की ही साखर तुमची नाही, गोळीची आहे. त्यांचा आत्मविश्वास इतका होता, की घरी येऊन मी कोणालाही न विचारता गोळी बंद केली. पहिला आठवडा काही जाणवले नाही. दहाव्या दिवशी डोके जड झाले आणि छातीत धडधडू लागले, तेव्हा हिने शेजारच्या वहिनींकडून यंत्र आणून दाब मोजला, तो १७२/१०४ निघाला. त्यानंतर हिने मला जे ऐकवले ते इथे लिहिण्याजोगे नाही. अकराव्या दिवशी डॉक्टरांना दूरध्वनी करून गोळी पुन्हा सुरू केली.

आता मला भांडण नको, समजून घ्यायचे आहे. रक्तदाबाच्या गोळीने साखर खरोखर वाढते का, वाढत असल्यास किती आणि कशी, आणि ती वाढ गोळीमुळे आहे की मुळात रक्तदाबामुळेच आहे, हे ओळखता येते का? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचे आहे. जाताना नेमके काय विचारावे, हेही कळले तर उपकार होतील.

कसब्यातला फार्मासिस्ट

फिरस्ते, साखरेचे मागाहून बोलू, आधी त्या अकरा दिवसांविषयी. अ‍ॅटेनोलॉल हे बीटा-ब्लॉकर गटातले औषध आहे. या गटातली औषधे अ‍ॅड्रेनलिनच्या संदेशाला हृदयाच्या दारातच अडवतात. वर्षानुवर्षे दार अडवलेले असले, की हृदय त्या संदेशासाठी जास्त संवेदनशील होऊन बसते, आणि औषध एकाएकी थांबवल्यावर साचलेला सगळा जोर एकदम आत शिरतो. तुम्हाला धडधडले ते यामुळे. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये आधीच अडथळा आहे, अशा माणसाला या चुकीने हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणून बीटा-ब्लॉकर बंद करायचेच असेल, तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू कमी करत बंद करतात.

दुकानात असे लोक दर आठवड्याला भेटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी वाचतात, महिन्याची पट्टी घ्यायला येत नाहीत आणि मग दोन महिन्यांनी चिठ्ठीवर दुप्पट औषधे घेऊन येतात.

औषधशास्त्राची जुनी शिक्षिका

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. रक्तदाब असलेल्या माणसाची साखर औषध न घेताही वाढण्याची शक्यता जास्त असते का, हा पहिला. औषध त्यात भर घालते का, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर होय असे आहे, आणि टेकडीवरच्या गृहस्थांची गल्लत इथेच झाली, कारण त्यांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकले आणि पहिला प्रश्न त्यांच्या मनातही आला नाही.

पहिल्यापासून सुरुवात करते. पिसा येथील फेरानिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक लहानसा, पण फार नेटका अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १३ तरुण रुग्ण होते. त्यांचे वजन योग्य होते, साखर नॉर्मल होती, रक्तदाब वाढलेला होता आणि त्यावर कोणतेही औषध सुरू नव्हते. त्यांना ठरावीक प्रमाणात इन्सुलिन देऊन शरीर किती ग्लुकोज शोषते हे मोजले, तेव्हा ते निरोगी माणसांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे गोळी नाही, लठ्ठपणा नाही, मधुमेह नाही, तरीही इन्सुलिनचा प्रभाव मंदावलेला. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, अमेरिकेतील जेराल्ड रीव्हन यांनी आपल्या बँटिंग व्याख्यानात उच्च रक्तदाब, इन्सुलिनला दाद न देणे आणि बिघडलेली चरबी यांचे एकत्र कुटुंब मांडले आणि त्याला सिंड्रोम एक्स हे नाव दिले.

हे घडते कसे, ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. इन्सुलिन पेशीचे दार उघडते एवढेच आपण शाळेत शिकतो. पण जेवणानंतर स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावून तिथे जास्त रक्त पोहोचवणे, हेही इन्सुलिनचेच काम आहे, आणि त्यासाठी ते रक्तवाहिनीच्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करून घेते. रक्तदाब बराच काळ वाढलेला राहिला, की हे अस्तर बिघडते आणि स्नायूंमधल्या काही केशवाहिन्या कायमच्या मिटतात. मग ग्लुकोज रक्तात असते, इन्सुलिनही असते, पण दोघेही स्नायूच्या उंबरठ्यापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. शिवाय अँजिओटेन्सिन-२ हा रक्तवाहिन्या आकुंचित करणारा पदार्थ इन्सुलिनने पेशीत धाडलेल्या संदेशातही थेट ढवळाढवळ करतो.

उलट दिशेनेही गाडी चालते. इन्सुलिन नीट लागू पडत नसल्यामुळे स्वादुपिंड ते जास्त सोडते. त्या जादा इन्सुलिनला स्नायू दाद देत नसले, तरी मूत्रपिंड देते आणि मीठ धरून ठेवते. धोक्याच्या वेळी धडधड वाढवणारी अनुकंपी चेतासंस्थाही त्याने चेतवली जाते. परिणामी दाब आणखी चढतो.

आता औषधे. क्लोरथॅलिडोन हे थायाझाइडांच्या जातकुळीतले, ज्याला आपण पाण्याची गोळी म्हणतो. ते लघवीतून सोडियम काढते, पण त्याच्यासोबत पोटॅशियमही जाते. रक्तातील पोटॅशियम उतरले, की स्वादुपिंडातील बीटा पेशी साखर वाढल्यावरही पुरेसे इन्सुलिन सोडत नाहीत. या पेशींचे पोटॅशियमशी नाते किती घट्ट आहे, याचा एक मासला पाहा. डायझॉक्साइड हे रेणूच्या रचनेने थायाझाइडांचे भावंड आहे, मात्र ते लघवी वाढवत नाही. ते बीटा पेशींवरची पोटॅशियमची दारे उघडी धरते आणि इन्सुलिनचे झिरपणे थांबवते, म्हणून जन्मतः फाजील इन्सुलिन तयार होऊन ज्या बाळांची साखर धोकादायक पातळीवर उतरते, त्यांना तेच औषध म्हणून देतात.

अ‍ॅटेनोलॉलसारख्या जुन्या बीटा-ब्लॉकरांची तऱ्हा निराळी आहे. ते स्नायूंचा रक्तपुरवठा थोडा घटवतात, इन्सुलिन सुटण्याच्या सुरुवातीच्या लाटेला लगाम घालतात आणि वजन थोडे वाढवतात. फिरस्ते, चार किलोंपैकी निदान काही वाटा त्यांचा असू शकेल, मात्र सगळा त्यांच्या नावावर टाकू नका.

शंकेखोर नारायणपेठी

बाई, विवेचन आवडले, पण एक गोष्ट पटत नाही. रक्तदाब असलेल्यांना मुळातच मधुमेह जास्त होतो, आणि गोळ्या घेणारे सगळे रक्तदाबवालेच असतात. मग गोळी घेणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळला, तर तो गोळीने झाला हे सिद्ध कसे होते? छत्री घेऊन फिरणारे लोक जास्त भिजलेले दिसतात, म्हणून छत्रीने माणूस भिजतो असे कोणी म्हणत नाही. निरीक्षणातून निघणाऱ्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

औषधशास्त्राची जुनी शिक्षिका

तुमची शंका अगदी रास्त आहे आणि संशोधकांनाही ती पडली होती. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एआरआयसी अभ्यासात ४५ ते ६४ वयाच्या १२,५५० माणसांवर सहा वर्षे लक्ष ठेवले होते. रक्तदाब असणाऱ्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण रक्तदाब नसणाऱ्यांच्या जवळजवळ अडीच पट होते. पण रक्तदाब असलेल्यांचीच आपसात तुलना केल्यावर थायाझाइड घेणाऱ्यांचा धोका औषध न घेणाऱ्यांपेक्षा वाढलेला दिसला नाही, बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांचा मात्र २८ टक्क्यांनी जास्त निघाला. तुम्ही म्हणता तसे हे निरीक्षणच आहे. म्हणून खरा निवाडा चिठ्ठ्या टाकून औषध ठरवलेल्या चाचण्यांवरच करावा लागतो.

त्यातली सर्वात मोठी ऑलहॅट, २००२ ची, ३३,३५७ रुग्णांची. सुरुवातीला मधुमेह नसलेल्यांपैकी चार वर्षांनंतर उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त, म्हणजे मधुमेहाच्या पातळीची, झालेल्यांचे प्रमाण क्लोरथॅलिडोनवर ११.६ टक्के, अ‍ॅम्लोडिपिनवर ९.८ टक्के आणि लिसिनोप्रिलवर ८.१ टक्के होते. औषध चिठ्ठीने ठरले असल्यामुळे इथे तुमच्या छत्रीचा आक्षेप लागू होत नाही. त्याच वर्षीच्या लाइफ चाचणीत ९,१९३ रुग्ण होते आणि अ‍ॅटेनोलॉलच्या तुलनेत लोसार्टनवर नवा मधुमेह २५ टक्क्यांनी कमी झाला.

पण इथेही एक पळवाट उरते, ती तुमच्या आधी मीच दाखवते. अशा तुलनेतून एक औषध साखर वाढवते की दुसरे घटवते, हे कळत नाही. त्यासाठी औषधाची निष्क्रिय गोळीशी तुलना हवी. २००६ च्या ड्रीम चाचणीत ५,२६९ माणसांना रॅमिप्रिल किंवा तशी बिनऔषधी गोळी दिली. मधुमेह होण्याचे प्रमाण रॅमिप्रिलने लक्षणीय घटले नाही, मात्र बिघडलेली साखर पुन्हा नॉर्मलवर येणाऱ्यांची संख्या वाढली. २०१० च्या नॅव्हिगेटर चाचणीत व्हाल्सार्टनने मधुमेह १४ टक्क्यांनी कमी केला, पण हृदयविकार कमी केले नाहीत.

या सगळ्यांची गोळाबेरीज २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. १९ चाचण्यांतील १,४५,९३९ माणसांची वैयक्तिक माहिती एकत्र केल्यावर असे दिसले, की वरचा रक्तदाब पाऱ्याच्या ५ मिलिमीटरने उतरवला तर नवा मधुमेह ११ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे दाब आटोक्यात ठेवणे हेच मुळात साखरेच्या हिताचे आहे. गटागटाने पाहता एसीई इन्हिबिटर (लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल) आणि एआरबी (लोसार्टन, व्हाल्सार्टन) या अँजिओटेन्सिनला आवर घालणाऱ्या दोन्ही गटांनी निष्क्रिय गोळीच्या तुलनेत धोका सुमारे १६ टक्क्यांनी घटवला, अ‍ॅम्लोडिपिनच्या गटाने काहीच फरक पाडला नाही, थायाझाइडांनी सुमारे २० टक्क्यांनी वाढवला आणि बीटा-ब्लॉकरांनी ४८ टक्क्यांनी. फिरस्ते, तुमच्या एकाच गोळीत यादीतली शेवटची दोन्ही नावे बसलेली आहेत, त्यामुळे तुमचा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. अकरा दिवसांचा उपाय मात्र चुकीचाच होता.

शंकेखोर नारायणपेठी

पटले. परंतु मग पुढचा प्रश्न साहजिकच येतो. हे सगळे ठाऊक असताना पाण्याच्या गोळ्या अजून लिहून का देतात? स्वस्त आहेत म्हणून?

हडपसरचा फॅमिली डॉक्टर

स्वस्त आहेत हे खरे आहे आणि त्यात काही गैर नाही. पण कारण तेवढेच नाही. आपण औषध देतो ते पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे नुकसान टाळण्यासाठी. ज्या ऑलहॅटचे आकडे वर आले, तिच्यातच क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांना साखर जास्त असूनही हृदयविकाराचे झटके जास्त आले नाहीत. उलट हृदय निकामी होण्याचे प्रमाण अ‍ॅम्लोडिपिनपेक्षा आणि पक्षाघाताचे प्रमाण लिसिनोप्रिलपेक्षा कमी राहिले. शेप या वयोवृद्धांच्या चाचणीतील रुग्णांचा पुढे चौदा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला. क्लोरथॅलिडोन घेत असताना ज्यांना मधुमेह झाला, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू त्यामुळे लक्षणीय वाढलेले आढळले नाहीत.

याचा अर्थ साखरेकडे डोळेझाक करावी असा मी घेत नाही. पंचावन्न वर्षांच्या माणसापुढे अजून तीस वर्षे असू शकतात आणि डोळ्यांचे व पायांच्या नसांचे नुकसान सावकाश होते. म्हणून ज्याची साखर काठावर आहे, घरात मधुमेह आहे आणि पोटाचा घेर वाढलेला आहे, अशा माणसाला मी पहिली गोळी सहसा एआरबी किंवा अ‍ॅम्लोडिपिन गटातली देतो. दाब तेवढ्याने आटोक्यात आला नाही, तर लहान मात्रेत पाण्याची गोळी जोडतो आणि दोन ते चार आठवड्यांनी पोटॅशियम, सोडियम व क्रिएटिनिन तपासतो. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत या गोळ्या आजच्या चौपट मात्रेने देत असत, त्यामुळे त्यांची जुनी बदनामी बऱ्याच अंशी त्या मात्रेची आहे. २०१५ च्या पाथवे-३ या ब्रिटिश चाचणीत पोटॅशियम वाचवणारे अ‍ॅमिलोराइड आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अर्ध्या-अर्ध्या मात्रेत एकत्र दिले, तेव्हा साखर वाढली नाही आणि दाबही उत्तम उतरला. बाईंनी सांगितलेल्या पोटॅशियमच्या गोष्टीला यामुळे चांगला आधार मिळतो.

फिरस्ते, तुम्ही काय विचारावे ते सांगतो. माझे पोटॅशियम किती आहे? मला बीटा-ब्लॉकरची गरज कोणत्या कारणाने आहे, नुसत्या दाबासाठी की हृदयाच्या दुसऱ्या एखाद्या दुखण्यासाठी? नुसत्या दाबासाठी असेल, तर दुसऱ्या गटातले औषध चालेल का, आणि बदल किती दिवसांत करायचा? एवढे विचारले तरी पुष्कळ झाले. जाताना सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी मोजलेल्या दाबाचा कागद न्या. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या उंचीवर ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. टेकडीवरून उतरल्या उतरल्या मोजलेला दाब आम्हाला काहीच सांगत नाही.

धागा तरुण मुलीही वाचत असतील म्हणून एक सूचना करतो. एसीई इन्हिबिटर आणि एआरबी ही औषधे गर्भाला घातक आहेत. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

औंधची लेक

मी हा धागा वाचता वाचता घाबरले आहे. माझी आई ७१ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हापासून मेटोप्रोलॉल हा बीटा-ब्लॉकर सुरू आहे. मधुमेह वीस वर्षांचा असून दोन वेळा इन्सुलिन घेते. म्हणजे साखर वाढवणारी गोळी आम्ही तिला मधुमेहातच देत आहोत का? दुसरे असे, की गेल्या महिन्यात पहाटे ती घामाने पूर्ण भिजलेली आढळली. हात थरथरत नव्हते, धडधडतही नव्हते, म्हणून मी उकाड्याने झाले असे समजले. पंखा वाढवला, अंग पुसले. नंतर सहज म्हणून साखर मोजली तर ५४ होती. पूर्वी साखर उतरली की तिला आधी थरथर सुटायची. हे बदलले कसे?

औषधशास्त्राची जुनी शिक्षिका

लेकी, तू साखर मोजलीस हे फार चांगले केलेस. साखर उतरली, की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडून इशारा देते, आणि धडधड व थरथर ही त्याच इशाऱ्याची रूपे आहेत. बीटा-ब्लॉकर नेमका हाच संदेश अडवतो, त्यामुळे या दोन्ही खुणा पुसट होतात. घाम मात्र वेगळ्या रसायनाच्या, अ‍ॅसिटिलकोलीनच्या, आदेशाने सुटतो, म्हणून तो तसाच येतो. मेटोप्रोलॉल आणि इन्सुलिन एकत्र घेणाऱ्या माणसाला अवेळी सुटणारा घाम ही साखर उतरल्याची खूण आहे, असे घरातल्या प्रत्येकाने समजावे. गोंधळून बोलणे किंवा अकारण चिडचिड करणे, हेही तिचेच लक्षण असू शकते.

गोळीबद्दल मात्र घाबरू नकोस. झटका येऊन गेलेल्या हृदयाचे संरक्षण आणि रक्तशर्करेतील एखादा दशांश फरक यांना एका तराजूत घालता येत नाही. २००४ च्या जेमिनी चाचणीत मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्यांना मेटोप्रोलॉल दिल्यावर एचबीएवन्सी ०.१५ ने वाढला, तर त्याच गटातल्या कार्व्हेडिलॉलवर तो जागचा हलला नाही. फरक आहे, पण तो केवढा लहान आहे हे बघ. आणि ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाचे १९९८ चे निष्कर्ष तर यापुढे जातात. मधुमेहींचा रक्तदाब सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ वर ठेवल्यावर पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले. तिथे काहींना कॅप्टोप्रिल आणि काहींना अ‍ॅटेनोलॉल दिले होते. अ‍ॅटेनोलॉलवाल्यांचे वजन जास्त वाढले आणि पहिली चार वर्षे साखरही थोडी जास्त राहिली, तरी शेवटी दोन्ही औषधांचा लाभ सारखाच निघाला.

हडपसरचा फॅमिली डॉक्टर

बाईंशी पूर्ण सहमत. ताई, मेटोप्रोलॉलला हात लावू नका, पण पहाटेची साखर ५४ ही गोष्ट दोन दिवसांत तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. संध्याकाळच्या इन्सुलिनची मात्रा कमी करावी लागेल असे दिसते. वय वाढले आणि मूत्रपिंड मंदावले, की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि जुनी मात्रा जड होते.

कोथरूडचा काटकुळा

माझे वय ४४, उंची पाच फूट आठ इंच, वजन ६६ किलो. सोसायटीत सगळे मला काडी म्हणतात. तरीही दाब १४८/९४ आणि एचबीएवन्सी ६.१ आहे. वर पोटाच्या घेराचा उल्लेख आला. मला पोटच नाही, तर मग मी या कुटुंबात कसा?

औषधशास्त्राची जुनी शिक्षिका

याचे उत्तर तर पुण्यातच सापडले आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले एक छायाचित्र २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे काट्यावर दोघे सारखेच सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आत यकृताभोवती, अशी बांधणी जन्मापासूनच आढळते, हे त्यांच्या गटाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील गावांमध्ये माता आणि बाळांवर केलेल्या अभ्यासातून दाखवले. ग्लुकोज रिचवणारे मुख्य कोठार स्नायूच असल्यामुळे काडीसारख्या माणसाचे कोठारही लहानच असते. तुम्ही काट्याकडे पाहू नका, कमरेला टेप लावा, आणि नुसते चालण्यापेक्षा स्नायूंना काम देणारा व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा. दाब नियंत्रणात येईपर्यंत श्वास रोखून जड वजने उचलू नका.

कसब्यातला फार्मासिस्ट

दुकानाच्या अनुभवातून दोन गोष्टी सांगतो, कारण त्या चिठ्ठीवर येत नाहीत. पहिली गोष्ट गुडघेदुखीची. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मीठ धरून ठेवतात आणि दाब चढवतात. एआरबी, पाण्याची गोळी आणि ही वेदनाशामके तिन्ही एकत्र आली, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. स्टेरॉइड दाब आणि साखर दोन्ही वाढवतात, मग ते दम्यासाठी आठवडाभर घेतलेले असो, सांध्यात टोचलेले असो, किंवा कोणा वैदूच्या पुडीत न सांगता मिसळलेले असो. साखर अचानक वाढली, की रक्तदाबाच्या जुन्या गोळीवर आळ घेण्याआधी मागच्या दोन महिन्यांत नवीन काय घेतले ते आठवावे.

दुसरी गोष्ट कमी सोडियमच्या मिठाची. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. बऱ्याच लोकांना ते उपयोगी आहे. पण टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी एआरबी आणि एसीई इन्हिबिटर गटातली औषधे शरीरातले पोटॅशियम मुळातच राखून ठेवतात, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर ते धोक्याच्या पातळीवर चढून हृदयाची लय बिघडवू शकते. जाहिरात पाहून ते मीठ घरी आणू नये, विचारून आणावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. त्यात फरसाण, पापड, लोणचे, पावातले मीठ सगळे धरायचे असते. रविवारच्या मिसळीचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तळजाईचा फिरस्ता (धागाकर्ता)

मंडळी, साडेचार महिन्यांनी धागा वर काढतो आहे. उशिराबद्दल क्षमस्व, पण नवीन तपासण्या हाती आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

डॉक्टरांकडे सात दिवसांचा कागद आणि तीन प्रश्न घेऊन गेलो. पोटॅशियम ३.३ निघाले, म्हणजे किमान मर्यादेच्या खाली. सात वर्षांत ते कोणी तपासले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. हृदयाचा आलेख आणि इको दोन्ही ठीक असल्यामुळे बीटा-ब्लॉकरची वेगळी गरज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. अ‍ॅटेनोलॉलची मात्रा तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करत थांबवली, आणि आता टेल्मिसार्टन ४० व अ‍ॅम्लोडिपिन ५ सुरू आहे. दाब १२८/८० च्या आसपास असतो. पोटॅशियम ४.२ आहे. पायांच्या घोट्यांवर संध्याकाळी किंचित सूज येते, ती अ‍ॅम्लोडिपिनची असावी असे डॉक्टर म्हणाले.

एचबीएवन्सी ६.३ वरून ६.० वर आला. पण हे श्रेय एकट्या गोळीबदलाला देण्याचा मोह मी आवरतो, कारण याच काळात रात्रीचा भात बंद केला, टेकडीच्या दोन फेऱ्यांच्या तीन केल्या आणि वजन अडीच किलो उतरले. कोणत्या कारणाने किती दशांश उतरले, हे सांगण्यासाठी मला दोन पुरुष व्हावे लागेल, एक जुन्या गोळीवरचा आणि एक नव्या. नारायणपेठींना हे वाक्य आवडेल.

शंकेखोर नारायणपेठी

आवडले. फक्त भरीस भर म्हणून विचारतो, दोन्ही वेळा तपासणी एकाच प्रयोगशाळेत केली होती ना? यंत्र बदलले तरी एक-दोन दशांशांचा फरक पडतो.

तळजाईचा फिरस्ता (धागाकर्ता)

एकाच. हिने तुमचा प्रश्न आधीच ओळखला होता.

औंधची लेक

डॉक्टरकाका, बाई, तुम्हा दोघांनाही कळवायचे राहिले होते. आईचे संध्याकाळचे इन्सुलिन सहा एककांनी कमी केले आणि मेटोप्रोलॉल तसेच ठेवले. त्यानंतर पहाटेची साखर एकदाही ९० च्या खाली गेलेली नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही मी घामाची खूण समजावून सांगितली आहे. परवा दुपारी गच्चीवर वाळवण घालताना आईला घाम आला, तर त्यांनी मला हाक मारण्याआधी यंत्र आणून साखर मोजली. १३८ होती. नुसते ऊनच होते, पण मावशींना मी एका शब्दानेही हसले नाही.